यंदा कोलियस विकत नको

दर वर्षी स्नेहसंमेलनाच्या चार दिवस आधी आपल्या शाळेच्या फाटकाशी एक टेम्पो येऊन उभा राहतो. त्यातून कोलियसच्या चाळीसेक कुंड्या उतरतात. किरमिजी, पोपटी, पिवळ्या कडेच्या, जांभळट शिरांच्या. त्या पायऱ्यांवर आणि रंगमंचाच्या कडेला मांडल्या जातात, ‘हात लावू नये’ अशी पाटी लागते, पाहुणे येतात, फोटो निघतात. फेब्रुवारी संपेपर्यंत निम्म्या कुंड्यांत नुसत्या काड्या उरतात आणि मेच्या सुट्टीत बाकीच्यांचे काय होते ते जूनमध्ये सर्वांना दिसतेच. पुढच्या वर्षी पुन्हा टेम्पो. आता विश्वस्त मंडळापुढे अशी सूचना आली आहे की, ही कटकटच नको. चांगल्या प्रतीची कृत्रिम झाडे एकदाच घ्यावीत, फडक्याने पुसली की झाले.

पालक-शिक्षक मंडळात बागेचे काम पाहणारे आम्ही पाच-सहा जण या दोन्ही गोष्टींच्या विरोधात आहोत, आणि ते या पत्रिकेतून उघडपणे मांडावे असे आम्हाला वाटले. आमचे म्हणणे एवढेच की, कोलियस शाळेत हवाच, पण तो मुलांनी लावलेला हवा.

कोलियसच का, असे कोणी विचारील. गुलाबाला खत-औषधांची लाडीगोडी लागते, जास्वंदीची फांदी मूळ धरायला वेळ घेते, आंबा लावणारे मूल दहावी होऊन निघून जाते तरी मोहर दिसत नाही. कोलियसची फांदी मात्र पाण्यात ठेवल्यापासून साधारण आठ-दहा दिवसांत पांढरी मुळे सोडते. काचेच्या बाटलीतून ती रोज दिसतात. आठ-दहा वर्षांच्या मुलाचा धीर जेवढा टिकतो, नेमक्या तेवढ्यातच हे झाड उत्तर देते. शिवाय ते बोलके आहे. पाणी कमी पडले की पाने मान टाकतात, आणि पाणी घातले की तासाभरात पुन्हा ताठ होतात. दुर्लक्ष आणि काळजी यांचा परिणाम इतक्या लवकर दाखवणारे दुसरे झाड आम्हाला तरी ठाऊक नाही.

झाड मूळचे आग्नेय आशियातले, जावा बेटाकडचे. युरोपात ते एकोणिसाव्या शतकात पोहोचले आणि १८६८ साली लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्याच्या नव्या संकरित जातींचा लिलाव केला, इतके त्याचे वेड तेव्हा पसरले होते. ‘कोलियस’ हे नाव लुरेरो या पोर्तुगीज मिशनऱ्याने १७९० साली दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ म्यान. फुलातले पुंकेसर जोडले जाऊन म्यानासारखी नळी होते म्हणून. मध्यंतरी शास्त्रज्ञांनी आपले बागेतले कोलियस दुसऱ्या प्रजातींत नेऊन बसवले होते, २०१९ साली ते परत स्वगृही आले. माळीकाकांनी मधल्या काळातही त्याला कोलियसच म्हटले, ते बरेच झाले.

पण आपल्या मुलांना त्याची ओळख याहून जवळून करून देता येईल. कोलियसची दांडी दोन बोटांत फिरवून पाहा, ती चौकोनी लागते. पाने समोरासमोर, आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीला आडवी. अशीच दांडी आपल्या अंगणातल्या तुळशीची आणि पुदिन्याची. तिघे एकाच कुळातले. भज्यांसाठी आपण कुंडीत लावतो तो पानओवा तर कोलियसचा सख्खा भाऊच. आणि बडोद्यात राहणाऱ्या कोणाला गरमरचे लोणचे माहीत नाही? शेजारच्या गुजराती मावशींनी दिलेल्या त्या बरणीत जी मुळे असतात, ती याच कोलियस प्रजातीतल्या एका झाडाची. मराठीत त्याला माईनमुळा म्हणतात. त्याच मुळांतून १९७०च्या दशकात आपल्या देशातल्या संशोधकांनी फोर्स्कोलिन हे द्रव्य वेगळे केले. (रंगीत कोलियस मात्र खायचे नाही, हे लहान वर्गांना सांगून ठेवावे. घरात कुत्रे-मांजर असेल तर त्यांच्यापासूनही कुंडी दूर ठेवावी.)

आता लावण्याविषयी. पाऊस नीट सुरू झाला की, म्हणजे आपल्याकडे जुलै-ऑगस्टात, तीन-चार इंचांची फांदी पेराच्या जरा खाली कापावी. फुलाचा तुरा आलेली फांदी घेऊ नये. खालची पाने काढावीत, वर दोन जोड्या ठेवाव्यात. पाण्यात ठेवणार असाल तर पान पाण्यात बुडता कामा नये, ते सडते आणि पाण्याला वास येतो. दर दोन दिवसांनी पाणी बदलावे. मुळे इंचभर झाली की लगेच मातीत लावावे. बाटलीत महिनाभर वाढवलेली मुळे मातीत गेल्यावर रुसतात.

मातीबद्दल थोडे जास्त सांगतो, कारण इथेच बहुतेक कुंड्या मरतात. बडोद्याच्या बऱ्याच भागांतली काळी माती कापसाला चांगली, कुंडीला नाही. ती पाणी धरून बसते, वाळली की दगड होते आणि मुळे कुजतात. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग जुने शेणखत किंवा गांडूळखत असे मिश्रण करावे. कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा उपडा ठेवावा. खत फार घालू नये. जास्त खताने झाड फोफावते पण लेचेपेचे होते आणि रंग फिका पडतो. पाणी घालण्याची वेळ घड्याळाने ठरवू नये, बोटाने ठरवावी. बोट मातीत पहिल्या पेरापर्यंत खुपसावे, कोरडे लागले तरच पाणी. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये.

ऊन हा सगळ्यात नाजूक मुद्दा. सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन आणि नंतर सावली ही याची आवडती जागा. पार अंधाऱ्या व्हरांड्यात ठेवले तर लाल-जांभळा रंग उतरतो आणि पान हिरवट, लांबोडके होते. दुपारच्या उन्हात ठेवले तर पाने विटतात, कडा करपतात. आपल्या स्नेहसंमेलनाच्या कुंड्या वर्षानुवर्षे पश्चिमेच्या पायऱ्यांवर मांडल्या जातात, थेट दुपारच्या उन्हात. त्या टिकत नाहीत यात झाडाचा काहीही दोष नाही. पूर्वेचा व्हरांडा रिकामा असतो.

झाड वीतभर झाले की शेंडा खुडावा. मुलांना हे पटवणे सर्वांत अवघड जाते. वाढते झाड तोडायचे? पण शेंडा गेला की पानांच्या बगलेतले डोळे जागे होतात आणि एका दांडीच्या दोन, दोनाच्या चार फांद्या होतात. तुरे दिसले की तेही खुडावेत, नाहीतर झाडाची ताकद बियांकडे जाते आणि पाने लहान होतात. खुडलेला शेंडा फेकायचा नाही, तीच पुढची फांदी. एका भरल्या झाडापासून हंगामात आठ-दहा नवी रोपे सहज होतात, आणि ती रंगाने अगदी मूळ झाडासारखी. बियांचे तसे नसते, एका पुडीतून दहा तऱ्हा निघतात. पाच-सहा चांगली झाडे जूनमध्ये हाती असली तर संमेलनापर्यंत चाळीस कुंड्या होतात. टेम्पोला पैसे देण्याचे कारण उरत नाही.

कीड फारशी नाही. पानांच्या बगलेत कापसासारखे पांढरे दिसले तर ते पिठ्या ढेकूण. ओल्या बोळ्याने पुसून काढावेत आणि ती कुंडी आठवडाभर वेगळी ठेवावी.

आमच्या आग्रहाचे खरे कारण मात्र बागेपलीकडचे आहे. वरच्या परिच्छेदांत पेर, बगल, डोळा, तुरा, खुडणे, खापरी हे शब्द आले. ते आपल्या किती मुलांना येतात? आपली मुले रस्त्यावर गुजराती बोलतात, अभ्यासाचे शब्द इंग्रजीतून घेतात आणि मराठी घरात, जेवणाच्या ताटाभोवती उरली आहे. पाठ्यपुस्तकातली कविता ती छान म्हणून दाखवतात. पण कोमेजणे, सुकणे आणि वाळणे यांत फरक काय, हे विचारले की गप्प होतात. हा फरक शब्दकोशातून शिकवून येत नाही. दुपारी मान टाकलेले आणि संध्याकाळी पुन्हा उभे राहिलेले झाड म्हणजे कोमेजलेले, आणि जे परत उठले नाही ते वाळलेले, हे पाहिले की कळते. ‘वाफसा’ या शब्दाला आम्हाला तरी दुसऱ्या भाषेत एका शब्दात उत्तर सापडले नाही. माती ओली असावी पण चिकटू नये, मुळांना पाणीही मिळावे आणि हवाही, ती अवस्था. कुंडीतल्या मातीची मूठ वळून पाहिली की तो शब्द मुलाचा होतो. मराठी दिनाला भाषणे ऐकून होत नाही. प्लॅस्टिकच्या पानांना तर कोमेजणे नाही, वाळणे नाही आणि खुडणेही नाही.

विज्ञानाच्या शिक्षकांनाही हे झाड हाताशी असलेले बरे. मधे पांढरट पट्टा असलेल्या पानावर आयोडीनचा प्रयोग केला तर हिरव्या भागात स्टार्च आणि पांढऱ्या भागात नाही, हे नीट दिसते. (अल्कोहोल थेट ज्योतीवर नको, गरम पाण्याच्या भांड्यात, आणि शिक्षकांच्या हातून.) गडद लाल पान नुसत्या पाण्यात उकळले तर लाल रंग पाण्यात उतरतो आणि खाली दडलेला हिरवा वर येतो, म्हणजे लाल पानही अन्न तयार करतेच. आणखी एक सोपा प्रयोग. पानाचे पाते कापून टाका आणि देठ झाडावर तसाच ठेवा. थोड्याच दिवसांत तो देठ आपोआप गळून पडतो. पात्यातून येणारे ऑक्सिन थांबले की देठ सुटतो. याला ब्लेड आणि थोडी वाट पाहण्याची तयारी यापलीकडे काही लागत नाही.

आक्षेप आम्ही ऐकले आहेत. पालक म्हणतात, मुले चिखलात हात घालतील, आजारी पडतील. साबण शाळेत आहे. शिक्षक म्हणतात, वेळ नाही. आठवड्याला एक तास पुरतो, तोही मधल्या सुट्टीला जोडून. पाण्यासाठी वेगळी सोयही नको. शाळा सुटताना मुलांच्या बाटल्यांतले उरलेले पाणी बेसिनमध्ये ओतले जाते, ते कुंडीत जाऊ द्या. विश्वस्तांचा आक्षेप जास्त रास्त आहे. मुलांनी वाढवलेली झाडे एकसारखी दिसणार नाहीत, काही वाकडी असतील, पाहुण्यांपुढे शोभा जाईल. होय, काही वाकडी असतील. वार्षिक अहवाल वाचताना अडखळणाऱ्या विद्यार्थिनीला आपण बाजूला करून बाहेरचा निवेदक बोलावत नाही, मग झाडांच्या बाबतीतच का?

एक विनंती मात्र कळकळीची. याला गुण देऊ नका, स्पर्धा लावू नका. उत्कृष्ट कुंडीला बक्षीस ठेवले की दुसऱ्याच दिवशी पालक नर्सरीतून तयार झाड आणतात. हस्तकलेच्या प्रदर्शनात काय होते ते आपण सगळे जाणतोच. हे ते शहर आहे जिथे सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० साली हातांच्या कामाचे शिक्षण देणारे कलाभवन उभे राहिले. तिथल्या शाळेत मुलाच्या हाताला माती लागणे ही प्रकल्पवहीत चिकटवण्याची गोष्ट होऊ नये.

राहिला मेच्या सुट्टीचा प्रश्न, आणि आजवरचे सगळे बागप्रयत्न तिथेच संपले आहेत. बेचाळीस अंशांच्या उन्हात शिपाईमामांनी एकट्याने चाळीस कुंड्यांना पाणी घालावे ही अपेक्षाच चुकीची होती. आमची योजना अशी. एप्रिलच्या शेवटी प्रत्येक मुलाने दोन फांद्या घरी न्यायच्या, बाटलीत मुळे येऊ द्यायची आणि मग दह्याच्या डब्याला भोक पाडून त्यात लावायच्या. स्वयंपाकघराच्या खिडकीत, आजीच्या नजरेसमोर, त्या सुट्टी काढतात. गावाला जाणाऱ्यांनी शेजारी ठेवून जावे. शाळेत फक्त आठ-दहा मातृवृक्ष उत्तरेच्या सावलीत, मातीवर पालापाचोळा पसरून ठेवू, आणि आमच्यापैकी एक जण एक दिवसाआड सकाळी येईल. तशी यादी आम्ही केली आहे. दिवाळीच्या तीन आठवड्यांसाठीही हीच यादी चालेल. थंडीत, पारा दहा-बारापर्यंत उतरतो तेव्हा, झाडाची वाढ थांबते. त्या दिवसांत पाणी अर्धे करावे आणि रात्री कुंड्या भिंतीलगत सरकवाव्यात. उत्तरायणाच्या आठवड्यात कुंड्यांकडे कोणी फिरकणार नाही हे आम्ही धरूनच चाललो आहोत, आणि त्या आठवड्यात फिरकण्याची फारशी गरजही नसते.

विश्वस्त मंडळाकडे आमची मागणी आहे ती वाळूच्या दोन पोत्यांची, शेणखताची, पूर्वेचा व्हरांडा मोकळा देण्याची आणि ‘हात लावू नये’ ही पाटी काढण्याची. पालकांकडे आणखी एक. ज्यांच्या घरी कोलियस आहे, त्यांनी जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाच-सहा फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून मुलाबरोबर शाळेत पाठवाव्यात. किरमिजी रंग भरपूर येतो, पोपटी आणि पिवळ्या कडेच्या थोड्या जास्त मिळाल्या तर हव्या आहेत.