विश्लेषण : घरच्या संगणकाला विकतचा अँटीव्हायरस हवाच का?

‘तुमच्या संगणकाचे संरक्षण संपले आहे’ अशी लाल पाटी पडद्यावर झळकली की घरात धावपळ होते. कुणी लगेच नूतनीकरणाचे पैसे भरतो, कुणी ओळखीच्या संगणक दुरुस्तीवाल्याला फोन लावतो, तर कुणी पाटी बंद करून कामाला लागतो. त्या पाटीमागचा अँटीव्हायरस खरोखर गरजेचा आहे का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. निवृत्तिवेतनाच्या खात्यापासून लग्नाच्या छायाचित्रांपर्यंत सारे काही एकाच यंत्रात असताना तो विचारायलाच हवा. चुकीच्या ठिकाणी गेलेले पैसे एकवेळ परवडतील, पण संगणक सुरक्षित असल्याचा खोटा दिलासा फार महाग पडतो.

अँटीव्हायरस आणि फायरवॉल यांत फरक काय?

दुकानात ही दोन नावे जोडीने घेतली जातात, पण कामे वेगळी आहेत. अँटीव्हायरस संगणकात आलेल्या फायली आणि चालू असलेले प्रोग्राम तपासतो. पूर्वी तो ज्ञात व्हायरसच्या खुणांची यादी घेऊन प्रत्येक फाइल तिच्याशी ताडून पाहत असे. आता केवळ यादीवर भागत नाही. एखादा प्रोग्राम एकापाठोपाठ शेकडो फायली कुलूपबंद करू लागला आहे का, अशा वागणुकीवरही तो नजर ठेवतो आणि संशय आल्यास कंपनीच्या सर्व्हरकडून खात्री करून घेतो. फायरवॉल फाइल उघडून पाहत नाही. नेटवर्कवरून कोणती जोडणी आत येऊ द्यायची आणि कोणती अडवायची, हे ती ठरवते. सोसायटीच्या भाषेत फायरवॉल म्हणजे फाटकावरचा वॉचमन आणि अँटीव्हायरस म्हणजे आत आलेली पिशवी उघडून पाहणारा. घरातल्याच माणसाने एखाद्याला हाताला धरून आत आणले, तर वॉचमनचे काही चालत नाही.

विंडोजसोबत येणारे संरक्षण पुरेसे आहे का?

बहुतेक घरांसाठी, होय. पंधरा वर्षांपूर्वी हे उत्तर देता आले नसते. विंडोज एक्सपीमध्ये अँटीव्हायरस नसेच. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांचा ‘क्विक हील’ घरोघरी पोहोचला तो याच पोकळीमुळे. त्या काळात ती गरज खरी होती. पुढे मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये ‘सिक्युरिटी इसेन्शियल्स’ मोफत दिला आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘डिफेंडर’ हा अँटीव्हायरस विंडोजमध्येच आला. सुरुवातीची काही वर्षे तो स्वतंत्र चाचण्यांत मागे पडत असे. आता चित्र बदलले आहे. जर्मनीतील ‘एव्ही-टेस्ट’ ही संस्था संरक्षण, वेग आणि वापरसुलभता यांना प्रत्येकी ६ असे एकूण १८ पैकी गुण देते. तेथे डिफेंडर गेली काही वर्षे नामवंत विकतच्या उत्पादनांच्या पंक्तीत बसतो आहे.

त्याला मर्यादाही आहेत. इंटरनेट नसताना त्याची ओळखण्याची क्षमता कमी होते, हे ऑस्ट्रियातील ‘एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज’च्या चाचण्यांत दिसून आले आहे. फसव्या संकेतस्थळांना अडवणारी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा प्रामुख्याने एज ब्राउझरमध्ये काम करते; क्रोममध्ये ते काम गूगलची यंत्रणा करते. तरीही अद्ययावत विंडोज ११ असलेल्या आणि इंटरनेटला जोडलेल्या घरगुती संगणकावर विकतच्या अँटीव्हायरसने पडणारी भर थोडी असते. किंमत मात्र दरवर्षी मोजावी लागते.

वेगळी फायरवॉल घ्यावी का?

नको. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ या वर्मने वापरकर्त्याने काहीही न उघडता, निव्वळ नेटवर्कवरून विंडोज संगणक गाठले होते. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ मध्ये फायरवॉल आपोआप सुरू राहील अशी सोय केली. ती आजही प्रत्येक विंडोजमध्ये आहे. शिवाय घरातील वायफाय राऊटर बाहेरून आलेल्या अनाहूत जोडण्या सहसा आत सोडत नाही. विकतच्या फायरवॉलचा दावा असतो तो बाहेर जाणाऱ्या जोडण्या तपासण्याचा. मग ती प्रत्येक प्रोग्रामसाठी ‘परवानगी द्यायची का?’ असे विचारत राहते आणि चौथ्या-पाचव्या वेळी वापरकर्ता न वाचताच ‘हो’ म्हणतो. त्यापेक्षा विंडोजची फायरवॉल सुरू असल्याची खात्री करणे, हॉटेल किंवा स्थानकावरच्या वायफायला जोडताना ‘पब्लिक’ हा पर्याय निवडणे आणि राऊटरचा मूळ पासवर्ड बदलणे, ही तीन कामे अधिक उपयोगाची आहेत. ती फुकट होतात.

मग विकतचा अँटीव्हायरस कोणी घ्यावा?

काहींसाठी तो खर्च योग्य ठरतो. घरातूनच हिशेबाचे किंवा करसल्ल्याचे काम करणारे, ज्यांच्या संगणकात इतरांची कागदपत्रे असतात. सतत वेगवेगळ्या लोकांचे पेन ड्राइव्ह लावावे लागणारे, त्यातही इंटरनेट तुटक असलेले. किंवा अडचण आल्यावर मराठी-हिंदीत फोनवर मदत हवी असलेले एकटे ज्येष्ठ नागरिक. अशांनी खरेदीपूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. स्वतंत्र संस्थांच्या एका नव्हे, लागोपाठच्या काही चाचण्यांतील गुण. पहिल्या वर्षाच्या सवलतीऐवजी दुसऱ्या वर्षीच्या नूतनीकरणाची किंमत. आणि कार्डावरून पैसे आपोआप कापले जाण्याची अट. व्हीपीएन, ‘क्लीनर’, पासवर्ड सांभाळण्याची सोय अशा जोडपदार्थांनी ताट भरलेले दिसते, पण त्यांचा व्हायरस पकडण्याशी संबंध नसतो.

एकाच संगणकावर दोन अँटीव्हायरस कधीही चालवू नयेत. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि संगणक रखडतो. दुसरा अँटीव्हायरस बसवला की डिफेंडर बाजूला होतो आणि तो काढून टाकला की पुन्हा सुरू होतो. म्हणूनच नव्या लॅपटॉपसोबत आलेला, चाचणीची मुदत संपलेला अँटीव्हायरस तसाच पडू देऊ नये.

‘मोफत’ अँटीव्हायरसमध्ये काय खोट?

अँटीव्हायरसला संगणकातील जवळपास सर्व काही दिसते. त्यामुळे तो कोणाच्या हाती सोपवायचा, हा विश्वासाचा प्रश्न आहे. मोफत अँटीव्हायरससाठी जगभर प्रसिद्ध असलेल्या ‘अ‍ॅव्हास्ट’वर वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती ‘जम्पशॉट’ या उपकंपनीमार्फत विकल्याचा ठपका ठेवत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्यास सांगितले. विंडोजमध्ये मोफत संरक्षण असताना दुसरे मोफत संरक्षण घेण्याचे कारण उरत नाही. विकतच्या उत्पादनातही चूक होऊ शकते. जुलै २०२४ मध्ये ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. ते बहुतांश कार्यालयांतील होते. संरक्षणाचे सॉफ्टवेअर जितके खोलवर शिरते, तितकी त्याची चूकही खोल जाते.

जुन्या विंडोज १० संगणकांचे काय?

खरा धोका इथे आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा अपडेटसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत देण्यात आली, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते. डिफेंडरच्या व्हायरसयादीचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. त्यावरून सारे आलबेल आहे असा समज होणे स्वाभाविक असले तरी तो चुकीचा आहे. भिंतीला पडलेले भगदाड बुजवणे हे विंडोजच्या अपडेटचे काम. अँटीव्हायरस, मग तो कितीही महाग असो, ते बुजवू शकत नाही.

२०१७ चा अनुभव याची साक्ष देतो. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये एका त्रुटीची दुरुस्ती दिली होती. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने नेमकी तीच त्रुटी वापरून ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांसह जगभरातील संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. दुरुस्ती हाताशी होती, पण लाखो संगणकांवर ती बसवलीच गेली नव्हती. त्यामुळे ज्या संगणकावर विंडोज ११ चालत नाही, त्यासाठी अँटीव्हायरस विकत घेण्याऐवजी आधी वाढीव अपडेटची नोंदणी करावी. तीही संपल्यावर संगणक बदलावा किंवा त्यावर लिनक्स बसवावे. तोवर किमान बँकेचे व्यवहार त्यावरून करू नयेत.

अँटीव्हायरस कशापासून वाचवू शकत नाही?

वापरकर्त्याच्याच हाताने झालेल्या चुकीपासून. असेंबल्ड संगणकावर ‘क्रॅक’ केलेले विंडोज किंवा ऑफिस टाकून घेणे ही अनेक घरांतील जुनी सवय आहे. क्रॅक चालावे म्हणून आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. त्यासोबत आणखी काय आत आले, हे मग कोण पाहणार? अशा संगणकावर वरून विकतचा अँटीव्हायरस बसवणे म्हणजे मागचे दार उघडे टाकून पुढच्या दाराला दुसरे कुलूप लावणे.

दुसरी चूक फोनवर होते. ‘संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी पाटी ब्राउझरमध्ये उघडते, पलीकडचा माणूस दूरनियंत्रणाचे अ‍ॅप घ्यायला लावतो आणि खाते रिकामे होते. सीबीआयने ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ऑपरेशन चक्र-२’ अंतर्गत अशाच बनावट तांत्रिक मदत केंद्रांवर छापे टाकले होते. ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये तर व्हायरसची गरजच नसते. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर तक्रार करणे, हाच तेथे उपाय.

घरी नेमके काय करावे?

विंडोज आणि ब्राउझरचे अपडेट आपोआप सुरू ठेवावेत. रोजच्या वापरासाठी प्रशासकाऐवजी साधे खाते वापरावे, म्हणजे बरेचसे सॉफ्टवेअर परस्पर बसणार नाही. बँक आणि ईमेल यांना वेगवेगळे पासवर्ड ठेवावेत. शंका आल्यास ‘सर्ट-इन’च्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधने वापरता येतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छायाचित्रे आणि कागदपत्रांची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि काम झाल्यावर ती डिस्क काढून ठेवावी. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ने न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले, तेव्हा त्या हल्ल्यात गेलेली माहिती खंडणी देऊनही परत मिळण्याजोगी नव्हती. ज्याच्याकडे वेगळी प्रत होती, तोच सावरला. म्हणून लाल पाटी पुन्हा झळकली तर नूतनीकरणाच्या दोन-तीन वर्षांच्या पैशांत एक हार्ड डिस्क येते का, याचा हिशेब आधी करावा. घरगुती संगणकाच्या सुरक्षेसाठी काही विकत घ्यायचेच असेल, तर पहिला मान त्या डिस्कचा आहे.