कुत्र्याने कच खाल्ली, तर आधी त्याचे पंजे बघा

शेताच्या राखणीला आणलेला कुत्रा अंधार पडला की खोपीत शिरून बसतो. मेंढरांमागे चालणारा अर्ध्या वाटेवर अंग टाकतो. काल सांगितलेलं करणारा आज हाक ऐकून जमिनीकडे बघत राहतो. मग बांधावर निकाल लागतो. कोणी म्हणतं, रक्तातच खोट आहे, जात बिघडलीय. कोणी म्हणतं, मालकालाच हाताळता आलं नाही. बहुतेक वेळा हे दोन्ही निकाल कुत्र्याला हातसुद्धा न लावता दिलेले असतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की कुत्र्याने काम सोडलं तर रक्तावर बोट ठेवण्याची घाई करू नका. ते कारण सगळ्यांत शेवटी तपासायचं.

सुरुवात अंगापासून करा. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, मानेच्या पट्ट्याखाली गोचीड आहेत का बघा. गोचीडताप झालेला कुत्रा मंद होतो, खाणं कमी करतो, थोडं चाललं तरी बसतो. ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी असायच्या त्या पांढुरक्या दिसल्या, किंवा नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी पशुवैद्यक गाठा. रक्त तपासून हा आजार कळतो आणि वेळेत औषध मिळालं तर बहुतेक कुत्री उभी राहतात. असा आजारी कुत्रा कामचुकार ठरवून मार खातो, हे बघवत नाही. पावसाळा सरला की माळावरचं कुसळ पंजात घुसतं, कातडीखाली सरकत जातं. वरून जखम बारीक दिसते, पण कुत्रा पाऊल टाकायला तयार नसतो. दात मोडलेला कुत्रा तोंडात वस्तू धरायचं नाकारतो. जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींत खुब्याचा सांधा सैल असू शकतो. तो एक्स-रेत दिसतो, आणि तो दोष खरोखरच बऱ्याच अंशी वंशातून येतो. पण इथेही कुत्र्याची हिंमत कमी नसते. त्याला दुखत असतं.

चैत्र-वैशाखातली दुपार वेगळी सांगायला हवी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर काढतो. धापा टाकणाऱ्या कुत्र्याचं नाकही नीट चालत नाही. तुमचा तळहात ज्या फुफाट्यावर किंवा डांबरावर टिकत नाही, तिथे त्याचे पंजेही भाजतात. अशा वेळी तो सावलीला गेला तर त्याला जाऊ द्या, पाणी द्या. काम पहाटे आणि सांजेला घ्या.

अंग ठीक निघालं, की आपल्या हाताकडे बघायचं. 1967 मध्ये अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. काही कुत्र्यांना विजेचे असे झटके दिले, की काहीही केलं तरी ते चुकवता येत नव्हते. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथे मधला अडथळा ओलांडला की झटका टळत होता. त्यातली बरीच कुत्री उठलीच नाहीत. पडून राहिली, सोसत राहिली. प्रयोग क्रूर होता, पण त्यातून कळलं ते प्रत्येक मालकाने मनात धरावं. काहीही केलं तरी त्रास चुकत नाही हे एकदा कळलं, की कुत्रा प्रयत्नच सोडतो. आला तरी मार, नाही आला तरी मार. भुंकला तरी शिवी, गप्प बसला तरी शिवी. सकाळी मालकाचा एक हुकूम, संध्याकाळी मुलाचा दुसरा. अशा घरात उत्तम वाणाचा कुत्राही मान टाकतो. हाक मारल्यावर तो उशिरा आला, तरी आल्यावर मारू नका. त्याच्या लेखी तो मार येण्याबद्दलचाच असतो.

वयाची घाईही नको. आदत खोंडाला कोणी नांगराला जुंपत नाही, मग सहा महिन्यांच्या पिल्लाकडून रात्रभर राखण का मागता? मोठ्या जातीच्या कुत्र्याची हाडं भरायला वर्ष-दीड वर्ष लागतं. त्याआधी मोठ्या कुत्र्याने त्याला एकदा लोळवलं, तर ते पुढे कायमचं बुजू शकतं. आणि पिल्लाचा तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. त्या काळात जे दिसतं, ऐकू येतं, हुंगायला मिळतं, ते त्याला आपलं वाटतं. मेंढरं राखायची असतील तर ते मेंढरांत वाढावं. माणसांत वावरायचं असेल तर त्याने बायका, मुलं, मोटारसायकल, बँड सगळं पाहावं. हे महिने पोत्याखाली झाकलेल्या खुराड्यात गेले, तर नंतर कितीही जीव लावला तरी ते भरून निघणं अवघड असतं. विकणारा मात्र छाती ठोकून जातीचंच नाव सांगत राहतो.

रक्ताचं काहीच नसतं, असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत अर्कान्सा विद्यापीठात पॉइंटर जातीच्या कुत्र्यांचा एक भित्रा वंश अनेक पिढ्या सांभाळून अभ्यासला गेला. माणूस जवळ आला की ही कुत्री ताठरून जागीच थिजत, आणि त्यांना कोणी छळलेलं नव्हतं. अशी भीती खरोखर वंशातून उतरते. तरीही त्यांतल्या काहींना रानात पक्षी हुडकायचं त्यांच्या जातीचं काम दिल्यावर तिथे ती बरीच मोकळी झाली, हेही त्याच अभ्यासात दिसलं. अंधांना वाट दाखवणारी कुत्री तर निवडून पैदास केलेली, तज्ज्ञांनी शिकवलेली असतात. तरी त्यांतली तिसरा हिस्सा ते निम्मी त्या कामापर्यंत पोहोचत नाहीत. तिथे त्यांना कोणी हाकलत नाही. दुसरं काम किंवा चांगलं घर शोधतात.

कित्येकदा कुत्राही चांगला असतो आणि मालकही, कामच चुकीचं असतं. लॅब्राडोर माणसांत रमावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवडला गेला. त्याने अनोळखी माणसापुढे शेपूट हलवली तर त्यात त्याचा काय दोष? कारवानी आणि मुधोळ ही नजरेने हेरून धावणारी कुत्री, स्वभावाने हळवी, चढ्या आवाजाने आक्रसणारी. त्यांना आखूड साखळीने खुंटाला बांधून राखण करवणं म्हणजे त्यांचं सगळं बळ वाया घालवणं. आणि बिबट्याच्या मुलखात एकटा बांधलेला कुत्रा रात्री गप्प राहिला, तर त्याला भेकड म्हणू नका. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले खोऱ्यात विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासली, तेव्हा त्यांच्या खाण्यात सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. अशा गावात रात्री कुत्र्याला बंदिस्त जागेत घ्या आणि गोठ्याला जाळी लावा.

सगळं तपासून, धीर धरून, कामाची वेळ आणि पद्धत बदलूनही तो बुजतच असेल, तर त्या कामातून त्याला मोकळं करा. त्याची वीण घेऊ नका, नसबंदी करा. भित्र्या नर-मादीची पिल्लं 'भारी रक्त' म्हणून विकणं हा घेणाऱ्यावर आणि पिल्लांवरही अन्याय आहे. त्याला हायवेवर किंवा दुसऱ्या गावच्या बाजारात सोडून येऊ नका. उपाशी-तहानलेला राहील अशा ठिकाणी जनावर टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार गुन्हा आहे. कुत्र्याला अवाजवी आखूड साखळीने तासन्‌तास बांधून ठेवणंही त्याच कलमात येतं. आणि पुढचं पिल्लू घ्यायला जाल तेव्हा कागद आणि फोटो बाजूला ठेवून विकणाऱ्याला सांगा, आई-बाप कामावर असताना दाखव. तो टाळाटाळ करू लागला, तर रिकाम्या हाताने परत या.