मक्यातले झेइन कोंबड्यांपुढेच का?

स्टार्चच्या कारखान्यात मका भिजवून दळला की स्टार्च वेगळा होतो, कोंबातून तेल निघते आणि उरलेला पिवळा ग्लुटेन बहुतांशी कोंबडीखाद्यात जातो. त्यात साठ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात आणि त्यांतला मोठा वाटा झेइनचा. १८२१ मध्ये जॉन गोरहॅम यांनी ते वेगळे केले. हे प्रथिन पाण्यात विरघळत नाही, पण थोडे पाणी घातलेल्या अल्कोहोलमध्ये विरघळते. अल्कोहोल उडून गेले की पाणी आणि तेल दोन्ही अडवणारा चकचकीत पापुद्रा मागे राहतो. औषधी गोळ्या, सुकामेवा, कँडी यांवर असा लेप देता येतो. किड्यापासून मिळणारी लाख ज्यांना चालत नाही, त्यांच्यासाठी हा सरळ शाकाहारी पर्याय. स्टार्चचे कारखाने असलेल्या धुळ्यासारख्या जिल्ह्यात हा माल निघू शकतो आणि निघायला हवा.

जनावरांच्या तोंडचा घास काढायचा का, असे कोणी विचारेल. झेइनमध्ये लायसिन जवळपास नसतेच. त्यामुळे कोंबडीखाद्यात सोयाबीन पेंड किंवा वेगळे लायसिन घालावेच लागते. तिथून झेइन काढून घेतल्याने फारसे बिघडत नाही. दुभत्या जनावरांना मात्र ते उपयोगी पडते, कारण बरेचसे झेइन पहिल्या पोटातून न कुजता पुढे जाऊन पचते. तो वाटा गोठ्यातच जावा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अमेरिकेत १९४८ पासून झेइनचे ‘विकारा’ नावाचे धागे निघाले आणि दहाएक वर्षांतच कृत्रिम धाग्यांपुढे ते बंद पडले. पण कापडाला माल किलोने लागतो, गोळीवरच्या लेपाला मिलिग्रॅमने. महाग वस्तू जिथे चिमूटभर लागते तिथेच खपते. झेइनच्या कॅरीबॅगची स्वप्ने दाखवणारे नेमके हेच विसरतात.

खर्च खरा आहे तो अल्कोहोलचा. वापरलेले अल्कोहोल परत मिळवले नाही तर धंदा बुडालाच, आणि ते साठवायचे तर उत्पादन शुल्क खात्याचे परवाने आले. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ऑक्टोबर २०२४ मध्ये औद्योगिक अल्कोहोलवर नियमनाचा अधिकार राज्यांना असल्याचा बहुमताने निर्वाळा दिला. म्हणजे दिल्लीकडे बोट दाखवायची सोय आता उरलेली नाही. तेच अल्कोहोल पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या कारखान्याला दारूच्या भट्टीचे नियम लावायचे की वेगळा सोपा परवाना द्यायचा, हे मुंबईतच ठरवता येईल.