सांत्वनाला जाताना
मंडळाच्या कार्यक्रमांत पेटी वाजवणाऱ्या आमच्या मैत्रिणीची आई गेल्या हिवाळ्यात नगरला वारली. फोन रात्री दोनला आला. तिकीट काढून पोहोचेपर्यंत दफन उरकले असते, म्हणून ती गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे वरणभाताचा डबा घेऊन गेलो आणि बसल्याबसल्या बोलून गेलो, "सुटल्या बिचाऱ्या. देवाची इच्छा!" ती गप्पच राहिली. चहा मात्र तिनेच केला. (आमच्या लक्षातही आले नाही!)

महिन्याभराने तिने बायबलातली ईयोबाची गोष्ट सांगितली. मुलेबाळे, गुरेढोरे, सगळे गमावलेल्या ईयोबाला भेटायला तीन मित्र आले. ७ दिवस, ७ रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले; एक शब्द बोलले नाहीत. "तिथपर्यंत ठीक होतं हो," ती म्हणाली, "मग ते कारणं सांगायला लागले!" येशूचेही सांगितले. लाजर नावाचा मित्र मरून ४ दिवस झालेले. त्याला आपण उठवणार हे ठाऊक असूनही, त्याच्या बहिणीला रडताना पाहून येशू आधी स्वतः रडला. आई पुन्हा भेटेल असा तिचा पक्का विश्वास आहे. "पण म्हणून आज रडू नको, असं कुठे लिहिलंय?"

आम्ही काय बोलणार?

परवा पुन्हा गेलो. "आईंना काय काय आवडायचं?" एवढेच विचारले. तिने जुना अल्बम काढला. रात्रीचे अकरा वाजले. चहा या वेळी आम्ही केला.