चौक बदलला, पण वाट कोणी सांगायची?

छत्तीसगडमध्ये रायपूरहून दुर्गकडे जाणारा जीई रोड म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग 6, आताचा 53. कुम्हारीपासून भिलाईच्या सुपेल्यापर्यंत त्यावर गेल्या काही वर्षांत उड्डाणपूल उभे राहिले. ट्रक वरून जावेत आणि गावाने खालून चालावे, ही कल्पना योग्यच आहे. पण पूल झाला की चौकाची जुनी सवय निकामी होते. पूर्वी चौकात पोचून वळता येत असे. आता बाजाराकडे जाणाऱ्याला चौक दिसण्याआधीच सर्व्हिस रोड धरावा लागतो. तो हुकला की माणूस थेट पुलावर.

हा फक्त गैरसोयीचा प्रश्न नाही. डिसेंबर 2022 मध्ये कुम्हारीच्या अर्धवट पुलावर चढलेली मोटारसायकल रात्री तुटक टोकावरून खाली कोसळली आणि एका दांपत्याचा जीव गेला. त्यानंतर त्याच जागी एक मोटारही पडली. पुढे पूल संपतो, हे अडवून सांगणारे भक्कम असे काही तिथे असते तर ती दोन माणसे घरी पोचली असती.

पूर्ण झालेले कामही माणसाला चकवू शकते, हे पुण्याच्या चांदणी चौकाने दाखवले. मुंबई-बंगळूर महामार्ग, पौड रस्ता, मुळशी, बावधन, एनडीए आणि पाषाण अशा सगळ्या वाटा इथे एकमेकींत गुंतल्या आहेत. 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्रीनंतर जुना पूल स्फोटकांनी पाडला आणि 12 ऑगस्ट 2023 रोजी नितीन गडकरींच्या हस्ते नव्या रचनेचे उद्घाटन झाले. कोंडी कमी झाली, हे मान्यच. मात्र रॅम्प इतके की शेजारच्या कोथरूडचा माणूससुद्धा गोंधळू लागला. चुकीचा रॅम्प धरला की मोठा वळसा पडायचा. फलकांबद्दल तक्रारी झाल्या. महामार्ग पायी ओलांडणाऱ्यांनी कुठून जायचे, हा प्रश्न तर उद्घाटनानंतरही उरलाच.

ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर कापते. फलक वाचून, समजून, आरशात पाहून मार्गिका बदलायला चार सेकंद लागले, तरी सुमारे 67 मीटर गेलेले असतात. म्हणून फाट्याच्या तोंडाशी लावलेला फलक उशिराच येतो. तो बराच आधी हवा, पुन्हा एकदा हवा आणि रात्री वाचता यायला हवा.

आधी सांगणे म्हणजे काय, याचे उदाहरण स्वीडनचे. त्या देशाने 3 सप्टेंबर 1967 रोजी सगळी वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. त्यासाठी काही वर्षे लोकांची तयारी करून घेतली आणि सुमारे साडेतीन लाख फलक बदलले. तिथे सांगणे हेच मुख्य काम मानले गेले. आपल्याकडे काँक्रीटचे बिल आधी निघते आणि फलकाचे काम तक्रार आल्यावर. हा क्रम उलटायलाच हवा.

भिलाईत हा क्रम उलटण्याची निकड अधिक आहे. कॅम्प, खुर्सीपार या वस्त्या रस्त्याच्या एका बाजूला, तर रेल्वेरूळ ओलांडून पलीकडे पोलाद कारखाना आणि टाउनशिप. पाळीला निघालेले कितीतरी कामगार सायकलवर आणि स्कूटरवर असतात. पुलाचा फायदा वरून जाणाऱ्याला होतो आणि त्रास मात्र खालून आडवे जाणाऱ्याच्या वाट्याला येतो. पुलाखाली अंधार, वळणाऱ्या रिक्षा आणि थांबलेले ट्रक असतील, तर त्याला सुरक्षित वाट उरत नाही.

रस्ता खुला करण्यापूर्वी सुरक्षेची तपासणी करण्याचा टप्पा इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक नियमावलीत आहेच. भिलाईत तशी तपासणी रात्री व्हावी, रात्रपाळीच्या वेळी व्हावी. शहर कधी न पाहिलेल्या चालकाला गाडी द्यावी, एका सायकलस्वाराला पुलाखालून पाठवावे आणि ते जिथे जिथे अडखळतील तिथे दुरुस्ती होईपर्यंत ठेकेदाराचे शेवटचे पैसे रोखून धरावेत.