सुरतेची लाज कोणाला वाटते?

सुरतेच्या चौक बाजारातला जुना किल्ला मी अनेक वर्षांनी पुन्हा पाहिला आणि संतापून बाहेर पडलो. राग किल्ल्याचा नव्हता. पहिल्यांदा गेलो तेव्हा सरकारी कचेऱ्यांच्या वापरात त्याची रया गेली होती. आता सुरत महानगरपालिकेने त्याची डागडुजी करून आत संग्रहालय उभारलं आहे, आणि त्याबद्दल ती कौतुकाला पात्र आहे. राग आहे तो आपला, महाराष्ट्राचा. त्या भिंतींनी जे पाहिलं ते मान्य करायला आपण आता कचरू लागलो आहोत.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. त्यावरून पेटलेल्या वादात तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं की महाराजांनी सुरत लुटलीच नाही, काँग्रेसने तसं शिकवलं. हे साफ चूक आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने 1697 च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत सुरतेच्या लुटीची हकीकत उघडपणे येते. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिणाऱ्या त्या माणसाला तिची लाज वाटली नाही. मग सव्वातीनशे वर्षांनी आपल्याला का वाटावी?

सुरतेचा हा किल्ला पोर्तुगिजांच्या हल्ल्यांपासून शहर राखण्यासाठी सोळाव्या शतकात खुदावंद खानाने बांधला. जानेवारी 1664 मध्ये महाराज वेशीवर आले, तेव्हा सुभेदार इनायत खान शहर वाऱ्यावर सोडून याच किल्ल्यात लपला. पगार फौजेच्या नावाने उचलायचा आणि फौज ठेवायची नाही, हा त्याचा कारभार. महाराजांनी विरजी व्होरा, हाजी झाहीद बेग अशा बड्या सावकारांना खंडणी ठरवायला बोलावलं, पण कोणी आलं नाही. उलट सुभेदाराने बोलणीच्या मिषाने पाठवलेल्या माणसाने महाराजांवरच खंजीर उगारला. किल्ल्यावरच्या तोफा तर आपल्याच शहरावर गोळे टाकत होत्या. या तटाकडे पाहून ‘बिचारी सुरत’ म्हणणाऱ्याने आधी इनायत खानाचा हिशेब मागावा.

आणि हे सारं कशासाठी झालं? शाइस्तेखान तीन वर्षं पुण्यात तळ ठोकून होता. मुलूख उजाड झाला होता, स्वराज्याचा खजिना आटला होता. ज्या बादशहाच्या फौजेने हे केलं, त्याच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून ती भरपाई वसूल झाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. ऑक्टोबर 1670 मध्ये महाराज पुन्हा आले आणि वर्षाला 12 लाखांची मागणी ठेवून गेले. यात लपवण्यासारखं काय आहे?

शहराचा मोठा भाग जळाला, सामान्य रयतेचेही हाल झाले. तेही सांगा. त्याचबरोबर फादर अँब्रोजच्या कॅपुचिन मठाला धक्का लागला नाही आणि मोहनदास पारेख या दानशूर दलालाचं घर वाचवलं गेलं, हेही सांगा. खऱ्या राजाचं चरित्र दोन्ही गोष्टी पेलतं. एक पक्ष ती मोहीम नाकारतो, दुसरा ती फक्त प्रतिपक्षाला झोडपण्यासाठी आठवतो. दोघांनाही महाराज हवे आहेत ते निवडणुकीपुरते.

आज उधना, लिंबायत, पांडेसरा भागात खानदेशातून गेलेली हजारो मराठी कुटुंबं यंत्रमागांवर आणि गिरण्यांत राबतात. गुजराती शेजाऱ्यांची मनं सांभाळण्याच्या नावाखाली इतिहास पुसण्याची गरज त्यांना नाही. मुघल बादशहाच्या बंदरावरची ती स्वारी होती, गुजराती माणसावरची नव्हे, एवढं समजण्याइतके दोन्हीकडचे लोक शहाणे आहेत. अडाणी समजून त्यांचा अपमान राजकारणीच करतात.

जळगाव, नंदुरबारहून ताप्ती लाइनची गाडी थेट सुरतेला जाते. शिक्षकांनो, शाळेची सहल या किल्ल्यावर न्या. मुलांना तटाखाली उभं करून 1664 ची हकीकत कारणांसह, परिणामांसह, काहीही न गाळता सांगा. कोणत्याही मंत्र्याच्या परवानगीची त्यासाठी गरज नाही.