फोनवरचा शेरा

मागच्या महिन्यात एका मित्रासोबत दिल्लीच्या कोपर्निकस मार्गावर गेलो होतो. तिथे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचं, म्हणजे 'कॅट'चं, मुख्य खंडपीठ आहे. मित्र केंद्र सरकारी नोकर. वरिष्ठाने वार्षिक अहवालात मारलेल्या शेऱ्याविरुद्ध तो लढतोय. त्या शेऱ्याची प्रत त्याच्या हातात होती: तारीख, हुद्दा, सही. खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटला.

कारण माझ्याविरुद्धचा शेरा मी कधी पाहिलाच नाही. गुरुग्रामच्या एका खासगी कंपनीत तीन वर्षं काम केलं. 'कोट्यातले लोक' हा विनोद रोज ऐकला, एकदा लेखी तक्रार केली, शेवटी राजीनामा दिला. पुढे दोन ठिकाणी मुलाखतीच्या सगळ्या फेऱ्या पार पडल्या, पगारही ठरला. मग 'रेफरन्स चेक'साठी जुन्या मॅनेजरला फोन गेला आणि दोन्हीकडून उत्तरच यायचं थांबलं. एका एचआरबाईंनी एवढंच सांगितलं, "तुम्ही टीममध्ये मिसळत नाही असं कळलं." मिसळत नाही म्हणे! मी डबा उघडला की टेबलावरून कोण उठायचं, हे फोनवर कुणी विचारलं नसणार.

सरकारी नोकरीत संविधानाचं कलम १६ लागू होतं. देव दत्त खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. त्या खटल्यात तर न कळवलेला 'चांगला' हा शेराच बढतीच्या आड आला होता. खासगी कंपनीच्या दारात हे दोन्ही थांबतात. सरकारी जागा आटत चालल्यात आणि आपली पोरं आता त्याच दारात उभी आहेत.

कंपनीवाले म्हणतात, माणूस पारखून घ्यायचा आम्हाला हक्क आहे. पारखा ना! हुद्दा, कालावधी, काम, शिस्तभंगाची कारवाई हे सगळं लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या, प्रत उमेदवाराला द्या. फोन लागतो तो कागदावर लिहिता न येणारं बोलायला. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्या पात्रतेचे अर्ज फक्त नावं बदलून खासगी कंपन्यांना पाठवले होते. दलित नावांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. नुसत्या नावाने एवढं होत असेल, तर बंद खोलीतल्या फोनवर काय होत असेल?

ज्यांचे काका-मामा कंपन्यांत मोठ्या हुद्द्यांवर आहेत, त्यांना एका मॅनेजरच्या शब्दाने फरक पडत नाही. घरातला पहिला पदवीधर असलेल्या माणसाला तो एकच शब्द असतो.

म्हणून भावांनो, बहिणींनो, कागद जमवा. अनुभवपत्र, रिलीव्हिंग लेटर, दरवर्षीचं अप्रेझल नोकरी सोडण्याआधी हातात घ्या. शक्य असेल तिथे रेफरन्स म्हणून तुमचं काम जवळून पाहिलेल्या माणसाचं नाव द्या. ठरलेली नोकरी हुकली तर कारण ईमेलवर विचारा. उत्तर नाही आलं तरी तुमचा प्रश्न नोंदलेला राहतो.

आणि संघटनांनी मागणी एकच लावून धरावी: जो शेरा आमची भाकरी अडवतो, तो आम्हाला दाखवा.

जय भीम.